स्थळ पाहावे, पण कुणाला विचारून?

मराठीत 'स्थळ' हा शब्द दोन प्रसंगी हमखास येतो. मुलामुलींची लग्ने ठरवताना स्थळ पाहतात आणि कारखाना किंवा दुकान उभे करतानाही स्थळच पाहतात. शब्द एकच असला तरी दोन्हींची चौकशी करण्याच्या आपल्या पद्धतीत मात्र जमीन-अस्मानाचे अंतर आहे. मुलीसाठी स्थळ सांगून आले की घरातली सगळी माणसे कामाला लागतात. मुलाच्या कचेरीत नात्यातले कुणी आहे का, त्याच्या गावी कुणाची ओळख निघते का, शेजारीपाजारी काय म्हणतात, आत्याच्या नणंदेच्या कानावर त्या घराबद्दल काही आले आहे का, अशी चार घरांतून चार तऱ्हांनी खातरजमा होते. त्याच घरातला कर्ता मुलगा उद्या नोकरी सोडून लहानसा कारखाना काढायचे म्हणतो, तेव्हा वडिलांचा प्रॉव्हिडंट फंड, आईचे चार दागिने आणि बँकेचे कर्ज अशी गोळाबेरीज करून जो गाळा घेतला जातो, त्याची चौकशी मात्र एका दलालाच्या शब्दावर आणि रविवारच्या एका फेरीवर आटोपते.

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' असे आपले पूर्वज सांगून गेले. 'कारखाना पाहावा काढून' असे काही ते म्हणाले नाहीत. पगाराच्या पहिल्या तारखेवर संसार रचणाऱ्या मध्यमवर्गाला त्याची गरज पडली नव्हती. गेल्या तीसपस्तीस वर्षांत ती पडू लागली. गिरण्या बंद झाल्या, मोठ्या कंपन्यांनी स्वेच्छानिवृत्तीच्या योजना काढल्या, नोकरीची हमी संपली. हातात आलेली पुंजी कुठे लावायची, हा प्रश्न आता हजारो घरांच्या जेवणाच्या ताटाभोवती चर्चिला जातो. धंदा कोणता करायचा याचे सल्लागार पुष्कळ भेटतात. तो कुठे करायचा, हे मात्र कुणी नीट सांगत नाही. आणि धंदा बुडाला तर तो एकट्या धंदेवाल्याचा बुडत नाही, अख्ख्या घराचा बुडतो.

या प्रश्नाचा विचार करायला कल्याणच्या पलीकडच्या पट्ट्याइतके बोलके उदाहरण महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही लोकलच्या एकाच मार्गावरची तीन गावे आणि त्यांच्या मागच्या डोंगरात साठलेले बारवी धरणाचे पाणी.

पाण्याच्या मागे कारखाने

धरण म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पाटबंधारे खाते आणि उसाचे मळे येतात. बारवीचे तसे नाही. हे धरण बांधले आणि आजही सांभाळले, ते महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने, म्हणजे आपल्या नेहमीच्या बोलण्यातल्या एमआयडीसीने. १९६१ चा कायदा झाल्यावर १ ऑगस्ट १९६२ रोजी हे महामंडळ स्थापन झाले. जमीन घ्यायची, रस्ते आखायचे, वीज आणायची आणि भूखंड पाडून उद्योजकांना द्यायचे हे त्याचे काम. पण पाण्यावाचून भूखंड म्हणजे नुसता माळ. म्हणून उद्योगांच्या या महामंडळाला स्वतःचे धरण बांधावे लागले. सत्तरच्या दशकात ते उभे राहिले आणि पुढे टप्प्याटप्प्याने त्याची उंची वाढत गेली. बारवीचे पाणी बदलापूरच्या पुढे उल्हास नदीला मिळते, जांभूळ येथे शुद्ध होते आणि तिथून अंबरनाथ, डोंबिवली, ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांकडे जाते. आता तर कारखान्यांइतकीच किंवा त्याहून अधिक तहान शहरांची आहे. उल्हासनगर महापालिकेला पाण्याचा स्वतःचा स्रोतच नाही. तिथल्या घरातला नळ उघडला की एमआयडीसीचेच पाणी येते.

या भागातल्या कारखान्यांच्या जागा कशा ठरत गेल्या हे पाहिले तर माहितीचे मोल समजते. रेल्वे १८५४ साली कल्याणला पोचली आणि दोनच वर्षांत घाटाच्या पायथ्यापर्यंत गेली. वाफेच्या इंजिनांना पाणी लागे, म्हणून रेल्वे कंपनीने अंबरनाथजवळ काकोळ्याला तलाव बांधला. पाणी, रेल्वे आणि मुंबईचे बंदर ही तिन्ही हाताशी असलेली जागा कारखानदारांच्या नजरेतून सुटणे शक्यच नव्हते. १९१९ साली स्थापन झालेल्या धरमसी मोरारजी केमिकल कंपनीने अंबरनाथला आम्ल आणि खते बनवायला घेतली. मागोमाग विम्कोचा काड्यापेट्यांचा कारखाना आला. संरक्षण खात्याचे कारखाने आले. शहाडला उल्हासच्या काठी सेंच्युरी रेयॉन उभा राहिला. विम्कोचा कारखाना आज नाही, पण अंबरनाथकर अजूनही रिक्षावाल्याला 'विम्को नाका' सांगतात.

या मंडळींकडे पैसा होता, इंजिनिअर होते, सरकारदरबारी ओळखी होत्या. उल्हासला उन्हाळ्यातही पाणी असते, कारण टाटांच्या आंध्र खोऱ्यातल्या धरणाचे पाणी भिवपुरीच्या वीजघरातून खाली येऊन उल्हासलाच मिळते, हे त्यांना ठाऊक असे. मोठ्या कारखानदाराला माहिती विकत घेता येते. लहान माणसाला ती कुठून मिळणार, हा खरा प्रश्न आहे.

संग्रहालयाच्या भिंतीवरचा नकाशा

स्थळ पाहण्याचे शास्त्र पुस्तकांतून शिकवतात. आल्फ्रेड वेबर या जर्मन अर्थशास्त्रज्ञाने १९०९ साली कारखान्याच्या जागेचा सिद्धांत मांडला. कच्चा माल, बाजारपेठ, वाहतूक आणि मजुरी यांचा मेळ जिथे सर्वात स्वस्तात बसेल तिथे कारखाना जावा, असा त्याचा थोडक्यात आशय. तो वाचायला मिळण्याआधीच आपल्याकडच्या काही माणसांनी तो आचरणात आणला होता. कापडगिरणी काढायची तर मुंबईत, असा सगळ्यांचा ठाम समज असताना जमशेटजी टाटांनी नागपूर निवडले. कापूस शेजारी पिकत होता, रेल्वे आली होती आणि वरोऱ्याचा कोळसा जवळ होता. घेतलेली जमीन दलदलीची होती आणि ती भरून काढावी लागली. एका स्थानिक सावकाराने तर हा माणूस सोने जमिनीत पुरतो आहे म्हणून कर्ज नाकारले. १ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस मिल सुरू झाली आणि पुढे त्या सावकाराला आपले म्हणणे मागे घ्यावे लागले.

पोलादाची गोष्ट तर याहून बोधप्रद आहे. चांदा जिल्ह्यातल्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरकडच्या लोहाऱ्याला चांगले लोखंड आहे, असा एका जर्मन भूगर्भतज्ज्ञाचा अहवाल १८८२ साली जमशेटजींच्या वाचनात आला. वरोऱ्याचा कोळसा त्या कामाचा नाही असे चाचणीत निघाले आणि बेत रखडला. १९०४ च्या सुमारास जमशेटजींचे चिरंजीव दोराबजी आणि अमेरिकन तज्ज्ञ सी. एम. वेल्ड यांनी चांद्याचा भाग पुन्हा धुंडाळला आणि साठा पुरेसा नाही असे ठरवले. हा नकार सरकारला कळवायला दोराबजी नागपूरच्या सचिवालयात गेले. साहेब जागेवर नव्हते, म्हणून वेळ घालवायला ते समोरच्या संग्रहालयात शिरले. तिथे मध्य प्रांताचा भूगर्भीय नकाशा टांगलेला होता आणि त्यावर दुर्ग जिल्ह्याचा काही भाग लोखंडाच्या रंगाने दाखवला होता. तिथून पुढे शोधाची दिशाच बदलली. त्याच वर्षी प्रमथनाथ बोस यांचे मयूरभंजच्या खनिजाविषयीचे पत्र टाटांकडे आले आणि अखेर साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला कारखाना निघाला.

या हकिकतीत दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे तो नकाशा भिंतीवर होता, कपाटात कुलूपबंद नव्हता. कुणीही जाऊन तो पाहू शकत होते. दुसरी, बोसांनी स्वतःहून पत्र लिहिले. आपल्याला ठाऊक असलेली गोष्ट दुसऱ्याच्या कामाची आहे असे वाटल्यावर ती कळवण्याची तसदी त्यांनी घेतली. माहितीचा साठा आणि माहितीची देवघेव या दोन्ही गोष्टी जुळून आल्या तेव्हा कारखान्याला स्थळ मिळाले.

आपल्या महाराष्ट्रातही या देवघेवीची परंपरा आहे. बेळगावची जागा सोडावी लागल्यावर लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंधच्या राजांनी १९१० साली कुंडल रोड स्टेशनजवळचा माळ दिला. निवडुंगाच्या त्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. तिथूनच १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' काढले. कारखान्याची बातमी आपल्या माणसांना आणि गिऱ्हाइकांना कळावी म्हणून निघालेले ते पत्र पुढे 'किर्लोस्कर' मासिक झाले आणि महाराष्ट्राच्या घराघरांत गेले. नागपूरच्या 'उद्यम'ने साबणापासून शेतीपूरक धंद्यांपर्यंतचे ज्ञान मराठीतून पोचवले. 'धंद्यातली गोष्ट कुणाला सांगू नये' असे म्हणणाऱ्या समाजात ही माणसे धंद्यातल्या गोष्टी छापून वाटत होती, हे विसरू नये.

हवेतून मिळणारे शहाणपण

उल्हासनगरकडे पाहिले की माहितीचा आणखी एक प्रकार दिसतो. फाळणीत घरदार गमावून आलेल्या सिंधी बांधवांना दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या बराकींमध्ये आसरा मिळाला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या गावाची कोनशिला बसली. तोवर कल्याण कॅम्प म्हणून ओळखली जाणारी वस्ती उल्हासनगर झाली. या माणसांनी स्थळ निवडलेले नव्हते. ते त्यांच्या माथी आले होते. त्यांच्याकडे ना भांडवल, ना जमिनीचा तुकडा. पण कोणता माल कुठे स्वस्त मिळतो, कोण उधारी बुडवतो, कोणत्या कारागिराचा हात चांगला आहे, कुठल्या वस्तूला येत्या सणात उठाव येणार, ही बातमी एका बराकीतून दुसऱ्या बराकीत चहाच्या कपाबरोबर पोचत असे. पापडापासून फर्निचरपर्यंत आणि पुढे जीन्सपर्यंत सगळे धंदे या बातमीवर वाढले. उल्हासनगरच्या मालावरच्या 'मेड इन यूएसए'वरून आपण पुष्कळ विनोद केले. त्या विनोदामागे एका समाजाची माहिती वाटून खाण्याची सवय होती, तिकडे आपले लक्ष गेले नाही. आल्फ्रेड मार्शल या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८९० सालीच लिहून ठेवले आहे की, एका धंद्याची माणसे एका जागी राहू लागली की त्या धंद्याची गुपिते गुपिते राहत नाहीत, ती हवेत मिसळतात आणि लहान मुलेही ती नकळत शिकतात. उल्हासनगर हे त्याचे चालतेबोलते उदाहरण.

पण हवेतून मिळणाऱ्या शहाणपणालाही मर्यादा असतात. जे सगळ्यांच्या फायद्याचे तेवढेच त्या हवेत फिरते, जे गैरसोयीचे ते फिरत नाही. जीन्स शिवायची कशी, धुवायची कशी, विकायची कुठे, हे सगळ्यांना माहीत झाले. ती धुतल्यावर उरलेले निळे पाणी कुठे जाते, हे कुणी कुणाला विचारले नाही. ते वालधुनीत जात होते. काकोळ्याच्या डोंगरातून निघणारी ही लहानशी नदी अंबरनाथचे प्राचीन शिवमंदिर ओलांडून उल्हासनगरात येते आणि पुढे कल्याणच्या खाडीकडे जाते. नोव्हेंबर २०१४ मध्ये कुणीतरी टँकरमधले रसायन याच नदीत सोडले आणि आसपासच्या शेकडो रहिवाशांना विषारी वायूची बाधा झाली. 'वनशक्ती' या संस्थेने नेलेल्या प्रकरणात २०१५ साली राष्ट्रीय हरित लवादाने उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणाबद्दल कडक आदेश दिले. पुढच्या काही वर्षांत जीन्स धुलाईच्या कारखान्यांना टाळी लागली. त्यांत कर्ज काढून यंत्रे घेतलेली साधी माणसे होती, रोजंदारीवरचे कामगार होते. 'या जागी हा धंदा फार काळ चालू देणार नाहीत' हे त्यांना यंत्र घेण्याआधी कुणी सांगितले असते, तर त्यांची घरे वाचली असती. नदीही वाचली असती.

दारोदार फिरणारी माहिती

सरकारने काहीच केले नाही असे म्हणता येणार नाही. १९७८ पासून जिल्हा उद्योग केंद्रे आहेत. १९८८ साली उद्योजकता विकास केंद्र स्थापन झाले आणि त्याने हजारो तरुणांना प्रशिक्षण दिले. आता तर संगणकावर सातबारा दिसतो, एमआयडीसीच्या भूखंडांचे नकाशे दिसतात, परवान्यांसाठी 'मैत्री' नावाची एक खिडकीही उघडली आहे. एवढे असूनही नवख्या माणसाची दमछाक थांबत नाही. याचे कारण असे की, प्रत्येक कचेरी आपल्यापुरते खरे सांगते. महामंडळ सांगते भूखंड मोकळा आहे. प्रदूषण नियंत्रण मंडळ सांगते तुमचा उद्योग लाल, नारिंगी, हिरव्या की पांढऱ्या गटात बसतो. वीज कंपनी सांगते जोडणी मिळेल. नगरपालिका सांगते कर किती. आणि ही सगळी उत्तरे एकत्र ठेवल्यावर जो अर्थ निघतो, तो सांगणे हे कुणाचेच काम नसते.

शिवाय कागदावरचे उत्तर आणि जमिनीवरचे उत्तर यांत फरक असतो. कागदावर नळजोडणी आहे. पण २०१६ च्या उन्हाळ्यात या पट्ट्यात मोठी पाणीकपात झाली, तेव्हा त्या नळाला आठवड्यातून किती दिवस पाणी होते, हे शेजारचा कारखानदारच सांगू शकतो. कागदावर भूखंड सपाट आहे. पण २६ जुलै २००५ ला आणि २७ जुलै २०१९ ला पाणी कुठवर चढले, हे बदलापुरात रमेशवाडी-हेंद्रेपाड्याच्या रहिवाशांना विचारावे. त्या २०१९ च्या दिवशी महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या दरम्यान पुरात अडकली होती आणि हजारावर प्रवाशांना बाहेर काढावे लागले, हे वाचकांना आठवत असेल. कागदावर नियम आहे. पण नियमही कायमचे नसतात. नदीपासून किती अंतरावर कोणता उद्योग असावा हे ठरवणारे नदी नियमन क्षेत्राचे धोरण राज्यात २००० साली आले आणि २०१५ साली रद्द झाले. आज सवलत आहे म्हणून टाकलेला कारखाना उद्याच्या न्यायालयीन आदेशात अडकू शकतो.

म्हणून गाळा किंवा भूखंड घेण्यापूर्वी प्रत्येक कुटुंबाने काही प्रश्न विचारायलाच हवेत. एमआयडीसीची जागा विकत मिळत नाही, ती बहुधा ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने मिळते. दुसऱ्याकडून घेताना महामंडळाची परवानगी आणि हस्तांतराचा आकार लागतो, बांधकामाची मुदत उलटून गेली आहे का हेही पाहावे लागते. जागा औद्योगिक क्षेत्राबाहेरची असेल तर सातबारा, जुने फेरफार, बिनशेतीचा आदेश आणि विकास आराखड्यातले आरक्षण पाहावे. मंडळाची उभारणीसाठीची संमती वेगळी आणि चालवण्यासाठीची वेगळी, हे लक्षात ठेवावे. सांडपाणी निघणारा उद्योग असेल तर सामायिक प्रक्रिया केंद्रात आपल्याला जागा आहे का, हे लेखी घ्यावे. आधीच्या मालकाने वीज, पाणी किंवा कामगारांची देणी थकवली आहेत का, याची खात्री करावी. कामगार कुठून येणार आणि रात्रपाळी सुटल्यावर बायका घरी कशा जाणार, हेही आधीच ठरवावे. आणि सर्वांत महत्त्वाचे, त्याच गल्लीतल्या तीन माणसांना भेटावे. ज्याचा धंदा चालतो त्याला, ज्याचा कसाबसा चालतो त्याला आणि ज्याने नुकतेच शटर खाली ओढले त्याला. यांतला तिसरा माणूस सगळ्यात जास्त शिकवतो, पण त्याच्याकडे कुणी जात नाही.

ज्यांना विचारले नाही

स्थळाची चौकशी ही दोन्ही बाजूंनी व्हायची असते. मुलाकडचे मुलीची माहिती काढतात तशी मुलीकडचेही मुलाची काढतात. कारखाना ज्या गावात येतो त्या गावाला मात्र कारखान्याची माहिती कुणी देत नाही. बारवीची उंची वाढवण्याचे काम वर्षानुवर्षे रखडले. २०१९ साली प्रथमच वाढीव उंचीपर्यंत, म्हणजे ७२.६० मीटरपर्यंत पाणी साठवले गेले आणि साठा सुमारे २३४ दशलक्ष घनमीटरवरून ३४० दशलक्ष घनमीटरवर गेला. शहरांनी आणि कारखान्यांनी सुस्कारा सोडला. त्या वाढलेल्या चार मीटर पाण्याखाली तोंडली, काचकोली, मोहघर, कोळे-वडखळ अशा गावपाड्यांची शेते आणि घरे गेली. बाराशेच्या आसपास कुटुंबे बाधित झाली. त्यांच्या लढ्यानंतर, ज्या पालिका बारवीचे पाणी घेतात त्यांनी आणि महामंडळाने प्रत्येक घरातल्या एकाला नोकरी द्यावी, असा निर्णय झाला. निर्णय चांगलाच. पण तो होईपर्यंत एक पिढी अनिश्चिततेत गेली. घर दुरुस्त करावे की नको, विहीर खणावी की नको, मुलाला गावातच शेती शिकवावी की शहरात धाडावे, यांतल्या एकाही प्रश्नाचे उत्तर त्यांना मिळत नव्हते. शहरातला लहान उद्योजक माहिती न मिळाल्यामुळे पुंजी गमावतो, डोंगरातला शेतकरी माहिती न मिळाल्यामुळे आयुष्याची वीस-पंचवीस वर्षे गमावतो. दोघांचे दुखणे एकच आहे.

डोंबिवलीचे उदाहरण तर रक्ताने लिहिलेले आहे. २६ मे २०१६ रोजी तिथल्या औद्योगिक भागात प्रोबेस कंपनीत स्फोट झाला, २३ मे २०२४ रोजी अमुदान कंपनीत झाला. दोन्ही वेळी माणसे गेली, आजूबाजूच्या इमारतींच्या काचा फुटल्या. कारखाने आधी आले, वस्ती मागून आली, हे खरे. पण घर घेणाऱ्याला शेजारच्या भिंतीपलीकडे कोणती रसायने साठवली आहेत हे विचारण्याची सोय नव्हती आणि कारखानदाराला शेजारी इमारत उभी राहणार आहे हे विचारण्याचीही नव्हती. २०२२ साली तिथले १५६ धोकादायक कारखाने पाताळगंगेकडे हलवण्याचा निर्णय राज्य सरकारने घेतला. त्यानंतर दोन वर्षांनी अमुदानचा स्फोट झाला. एकदा चुकलेले स्थळ सुधारणे किती कठीण असते, याचा याहून वेगळा पुरावा नको.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. धंद्यात गुप्तता असतेच, सगळे उघड केले तर प्रतिस्पर्धी फायदा घेईल, जमिनीचे भाव वाढतील. आक्षेपात तथ्य आहे, पण तो भलत्या ठिकाणी लावला जातो. लोणच्याचा मसाला किंवा रंगाचे मिश्रण हे ज्याचे त्याचे गुपित आहे. ते कुणी मागत नाही. पाणी किती तास येते, पुराची रेषा कुठून जाते, प्रक्रिया केंद्राची क्षमता उरली आहे का, कोणत्या क्षेत्रात किती गाळे रिकामे आहेत आणि का रिकामे आहेत, ही गुपिते नव्हेत. ती सार्वजनिक पैशाने उभारलेल्या सोयींची माहिती आहे. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने कुणी मागण्याची वाट न पाहता ती आपण होऊन जाहीर करण्याची जबाबदारी सरकारी कचेऱ्यांवर टाकली आहे. राहिला प्रश्न जमिनीच्या भावाचा. माहिती थोड्यांच्या हाती असते तेव्हाच सट्टा चालतो. धरण कुठे होणार, रस्ता कुठून जाणार हे ज्यांना आधी कळते तेच आधी जमिनी घेतात. सगळ्यांना एकाच दिवशी कळले तर दलालाच्या कुजबुजीला किंमत उरत नाही.

करायचे ते फार अवघड नाही. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर मिळून एक माहिती-कक्ष असावा. तिथे महामंडळ, प्रदूषण मंडळ, वीज कंपनी आणि पालिका यांची उत्तरे एका तक्त्यावर, मराठीत आणि तारखेसह लावलेली असावीत. उद्योजकांच्या संघटनांनी आपल्या सभासदांचे अनुभव, विशेषतः बंद पडलेल्या कारखान्यांची कारणे, नाव न घेता तिथे नोंदवावीत. नवा उद्योग यायचा असेल तर तो काय बनवणार, किती पाणी घेणार आणि काय सोडणार, हे परिसरातल्या ग्रामसभेला आणि सोसायट्यांना आधी कळवावे. पडद्यावर सगळे दिसते असे म्हणून चालणार नाही. पन्नाशीतला स्वेच्छानिवृत्त कामगार आणि बचत गटातली बाई पडद्यापेक्षा माणसाला विचारणे पसंत करतात आणि तो त्यांचा हक्क आहे.

हे अशक्य वाटत असेल तर पावसाळ्यातले वर्तमानपत्र उघडून पाहावे. बारवी किती भरले, हा आकडा त्यात छापलेला असतो. धरणाचे स्वयंचलित दरवाजे केव्हा उघडतील आणि बदलापूरला उल्हासची धोक्याची पातळी १७.५० मीटर आहे, हे नदीकाठच्या घराघरांत ठाऊक असते. गृहिणी तो आकडा पाहून पिंप भरून ठेवायचे की नाही ते ठरवतात, कारखानदार पाळ्या ठरवतात, काठावरची माणसे सामान माळ्यावर टाकतात. तो आकडा कुणाच्या मालकीचा नाही, त्यासाठी कुणाला दलाली द्यावी लागत नाही आणि तो जाहीर केल्याने महामंडळाचे आजवर काही बिघडलेले नाही. धरणातल्या पाण्याचा हिशेब जसा रोज चारचौघांत मांडला जातो, तसा त्या पाण्यावर उभ्या राहणाऱ्या उद्योगांचाही मांडला जावा. मग कर्ज काढून गाळा घेणाऱ्या मुलाच्या आईला देवापुढे दिवा लावून स्वस्थ बसावे लागणार नाही. चार प्रश्न विचारून, उत्तरे पदरात पाडून घेऊन मगच तिने आपल्या बांगड्या काढून द्याव्यात.